खर्डा रेकॉर्ड्स आणि समस्त शुभेच्छुक

कोल्हापुरात तुम्ही कधी दुपारची झोप काढली असेल तर माझा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. ‘बंधू आणि भगिनींनो, फक्त आजचा दिवस’ असं म्हणत जी रिक्षा नेमकी डोळा लागताना तुमच्या खिडकीखाली येते, तिच्यातली बाई मी. गाद्यांचा सेल, साड्यांचा सेल, उद्या पाणी येणार नाही, दवाखाना नव्या जागेत गेला, सर्कस आली, लोकाग्रहास्तव सर्कस वाढवली, हे सगळं या गावाला मी सांगितलं. रस्त्यात मला कुणी ओळखत नाही. पण भाजीवालीला ‘अर्धा किलो गवारी द्या’ म्हटलं की शेजारच्या बायका मान वळवतात आणि सेल कुठं आहे ते विचारतात.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यावरच लिहायला सांगितलं होतं. पण त्या धंद्यात सांगण्यासारखं जे होतं ते मी आधीच कर्ण्यातून सांगून टाकलंय. म्हणून माझ्या दुसऱ्या धंद्याबद्दल लिहिते. मी ‘खर्डा रेकॉर्ड्स’ या पंक रॉक कंपनीची मालकीण आहे. माझी साठी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, सकाळी विभूती लावल्याशिवाय चहा घेत नाही. अशी दुसरी कंपनी आमच्या जिल्ह्यात नाही, आणि ही एकसुद्धा नको होती असं म्हणणारे राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत.

आधी पहिल्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल, कारण दुसरा त्याच खोलीत सुरू झाला. माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरात निम्मं कानडी. लग्न होऊन इथं आले तेव्हा आमच्या ह्यांची साउंड सर्व्हिस होती. कर्णे, मोठे बॉक्स, माईक, लग्नापासून सभेपर्यंत सगळीकडे हे. सगळं गाव ह्यांना अप्पा म्हणतं, गल्ली मला अक्का म्हणते, मी ह्यांना ‘अहो’ म्हणते. घराच्या मागच्या खोलीत ह्यांनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकून रेकॉर्डिंगची खोली केली, त्यात भजनी मंडळांच्या कॅसेटी निघायच्या. एकदा रिक्षावर जाहिरात सांगणारे गृहस्थ घसा धरून बसले, म्हणून ह्यांनी मला स्वयंपाकातून उठवून माईकसमोर उभं केलं. तेव्हा जी उभी राहिले ती राहिलेच.

रिक्षाची जाहिरात सोपी वाटते, पण तशी नसते. रिक्षा चालत असते आणि ऐकणारा जागेवर असतो. त्यामुळे त्याला तुमचं बोलणं अर्धवट, मधूनच ऐकू येतं. म्हणून कुठूनही ऐकलं तरी कळेल असं बोलायचं, दुकानाचं नाव पुन्हापुन्हा घ्यायचं, आणि शेवटी ‘मग येताय न्हवं?’ असं घरातल्यासारखं विचारायचं. ते शेवटचं वाक्य ह्यांनी मला शिकवलं. हे काचेपलीकडे बसून डोळे मिटून ऐकायचे. जमलं असेल तर नुसती मान हलवायचे. जमलं नसेल तर दोनच शब्द, ‘परत एकदा.’ काय चुकलं ते कधी सांगायचे नाहीत. एका गादीच्या दुकानासाठी ह्यांनी मला सकाळपासून दुपारपर्यंत परत एकदा परत एकदा करायला लावलं होतं. त्या दिवशी मी ह्यांना त्याच गादीवर झोपा म्हणून सांगितलं.

पुढं ह्यांचा कान गेला. जन्मभर बॉक्सच्या पुढ्यात उभं राहायचं म्हटल्यावर तो जाणारच होता. हळूहळू गेला, त्यामुळे आम्हाला उशिरा कळलं. मुलीनं कानाचं मशीन आणून दिलं. त्यातून सगळ्या गावाचं खोकणं ऐकू येतंय, पण माणूस ऐकू येत नाही, असं म्हणून ह्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. साउंड सर्व्हिस बंद झाली, बॉक्स विकले. एकच मोठा बॉक्स राहिला, त्यावर मी टेबलक्लॉथ घालून मनीप्लांट ठेवला. हे रेकॉर्डिंगच्या खोलीत यायचे बंद झाले आणि पुढच्या गॅलरीत पेपर घेऊन बसू लागले. मी माझं माझं रेकॉर्डिंग करायची आणि माझं मीच पास करायची. घरात ह्यांच्याशी बोलायचं तर खुणेनं नाहीतर ओरडून. ओरडून बोललं की बाईचा आवाज बाईचा राहत नाही, ओरडण्याचा होतो. त्यामुळे मी ह्यांच्याशी कमीच बोलू लागले. ही गोष्ट मला फार लागली होती, पण कुणाला सांगणार?

अशात एका रविवारी तीन मुलं आली. विशाल कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा घासायचं त्याचं काम, त्यामुळे बोलतानाही तो ग्राइंडर चालू असल्यासारखा मोठ्यानं बोलतो. इम्रानचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, तो ड्रम वाजवतो. आणि सायली, जी आमच्याच भागात कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि गिटार वाजवते. तिघांच्या बँडचं नाव ‘बोंब’. गावातल्या बाकी सगळ्या स्टुडिओंनी त्यांना नम्रपणे घालवून दिलं होतं. माझ्याकडे त्या दिवशी एका पापड उद्योगाची जाहिरात होती, ती रद्द झाली होती. म्हणून मी त्यांना या म्हटलं.

ती वाजवायला लागली आणि मला वाटलं की गॅसचा सिलिंडर फुटला. मी कानात कापूस घातला, वरून पदर गुंडाळला. शेजारचे कुलकर्णी सर, निवृत्त मुख्याध्यापक, बनियनवरच धावत आले. त्यांना वाटलं आमच्याकडे भांडण पेटलंय. ते मिटवायला म्हणून येताना त्यांनी गल्लीतल्या आणखी दोघा वजनदार माणसांना बरोबर आणलं होतं. भांडण नाही, गाणं आहे, असं सांगितल्यावर त्यांची फार निराशा झाली. तरी ते थोडा वेळ थांबून राहिले, न जाणो पुढं होईल म्हणून.

या गर्दीतून वाट काढत आमचे हे आत आले. हातात पेपर तसाच. कोपऱ्यात उभे राहिले, डोळे मिटले. मुलं थांबल्यावर डोळे उघडले आणि इम्रानकडे बोट करून म्हणाले, “ह्यो पोरगा तालात न्हाय. परत एकदा.”

किती वर्षांनी ह्यांना काही ऐकू गेलं होतं, आणि किती वर्षांनी ते शब्द ऐकले होते मी. मुलांना वाटलं अप्पा रागावले. इम्रानचं तोंड पडलं. आणि मी त्या कापसासकट उभी राहून रडत होते, ते बघून कुलकर्णी सरांची खात्रीच पटली की काहीतरी भांडण आहे.

त्याच दिवशी मी मुलांना सांगितलं की तुमची गाणी मी काढते, खोलीला भाडं नको, फक्त दर रविवारी यायचं आणि दार उघडं ठेवून वाजवायचं. का, ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं अक्कांना पंक आवडतं.

पंक म्हणजे काय ते सायलीनं मला फळ्यावर शिकवल्यासारखं समजावलं. गाणं छोटं असतं, घाईचं असतं, मोठ्यानं असतं. गळा चांगला असण्याची अट नाही. ज्याचा राग येतो त्याच्यावर म्हणायचं. मोठ्या कंपनीच्या दारात जायचं नाही, आपलं आपण करायचं, घरात रेकॉर्डिंग, घरात छपाई, हातानं विक्री. मी म्हटलं, बाळ, मी जन्मभर हेच करतेय, फक्त मी गाद्यांवर केलं. कॅसेट काढायची हेही तिनंच ठरवलं. बाहेर म्हणे कॅसेट परत आली आहे, असल्या गाण्यांना तीच शोभते. भजनांच्या काळातलं कॅसेटी छापायचं मशीन माळ्यावर होतंच. इम्राननं ते एका दुपारी चालू करून दाखवलं. त्यातून आधी अर्धा तास एका मंडळाचा हरिपाठ बाहेर पडला.

कंपनीचं नाव मी ठेवलं. विशालनं ‘विध्वंस’ सुचवलं होतं. मी म्हटलं, खर्डा ठेवू. हिरवी मिरची ठेचून केलेला असतो, एका घासात डोळ्यात पाणी आणतो आणि जास्त खाववत नाही. सायली म्हणाली की पंकची ह्याहून चांगली व्याख्या तिनं ऐकलेली नाही.

कॅसेटमधलं मुख्य गाणं होतं ‘ग्राउंड दे’. त्यामागची गोष्ट अशी. आमच्या भागात एक ग्राउंड होतं. विशाल, इम्रान आणि गल्लीतली सगळी पोरं तिथं फुटबॉल खेळून मोठी झाली. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पेठेची मॅच असली की लग्नाचा मुहूर्त मागं जातो. तर त्या ग्राउंडवर आमच्या भागाचे माजी नगरसेवक, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी एके दिवशी कंपाउंड घातलं, आणि वर्षभरात तिथं त्यांचं मंगल कार्यालय उभं राहिलं. पोरं भांडली, अर्ज केले, काही झालं नाही. विशालनं ते गाण्यात घातलं. शब्द असे होते:

हॉल नको, ग्राउंड दे!
जेवण नको, बॉल दे!
आबा, आमचं ग्राउंड दे!

एवढंच. हेच तो पुन्हापुन्हा म्हणायचा, दर वेळी अधिक चिडून. मी म्हटलं, वा, ही तर रिक्षाची जाहिरात आहे. कुठूनही ऐकलं तरी कळतं.

आणि मग कव्हर आलं.

कव्हर सायलीनं काढलं होतं. पूर्ण काळं, मधोमध लहान पांढऱ्या अक्षरात ‘बोंब’. दुसरं काहीही नाही. छापायला आम्ही ते सुनीलकडे दिलं. सुनीलचं फ्लेक्सचं दुकान. गावात कुणाचाही वाढदिवस असो, निवड असो, बारसं असो, चौकात जो बोर्ड लागतो तो सुनीलच्या कॉम्प्युटरमधून निघालेला असतो. मोठा फोटो ज्याचा वाढदिवस त्याचा, आणि खाली ओळीनं शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. सुनीलनं सायलीचं काळं कव्हर उघडून बघितलं आणि त्याला माझ्याविषयी काळजी वाटली. अक्कांची पहिलीच कंपनी, आणि एकही शुभेच्छुक नाही? एवढी जागा मोकळी सोडली तर लोक काय म्हणतील? मला फोन लावला तर मी रेकॉर्डिंगला होते, फोन बंद. मग त्यानं स्वतःच्या मनानं, पैसे न वाढवता, केवळ प्रेमापोटी, जागा भरली. नुकताच आबांच्या वाढदिवसाचा बोर्ड झाला होता. त्यातले सगळे तयारच होते.

कॅसेटी भरून मुलांच्या हातात दिल्या तेव्हा काळ्या कव्हरच्या मधोमध गॉगल लावलेले, हात जोडलेले आबा होते. डोक्यावर फेटा. त्यांच्या भोवती मटकीच्या दाण्याएवढे शुभेच्छुक, प्रत्येकाच्या खाली नाव, आणि एवढ्याशा जागेत ते नाव वाचता यावं म्हणून सुनीलनं ‘बोंब’ हा शब्द काढून मागच्या बाजूला टाकला होता.

विशाल कॅसेट उलटीपालटी करून बघत बसला. शेवटी म्हणाला, “अक्का, जाळूया सगळ्या.”

इम्राननं काडेपेटी शोधायला सुरुवात केली होती. पण तोवर बातमी फुटली. कव्हरवर फोटो आहे म्हटल्यावर शुभेच्छुक दारात उभे. एकानं स्वतःसाठी घेतली, सासुरवाडीला घेतली, मुंबईच्या भावाला घेतली. दुसऱ्यानं पहिल्यापेक्षा जास्त घेतल्या, कारण त्याचा फोटो जरा आत गेला होता आणि ती कसर भरून काढायची होती. दिवस मावळायच्या आत खर्डा रेकॉर्ड्सची पहिली कॅसेट संपली. कॅसेट लावायचं मशीन त्यांच्यापैकी कुणाकडेही नव्हतं. त्यामुळे आत काय आहे ते कुणाला कळलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. बहुतेकांच्या घरी ती शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी ठेवलेली मी बघितली आहे.

सायलीनं बाहेरच्या देशातल्या कुठल्याशा पंकवाल्यांना हे लिहून कळवलं. त्यांना वाटलं आम्ही मुद्दाम केलं. त्यांनी फार कौतुक केलं.

चार-आठ दिवसांनी आबा स्वतः आले. मी घाबरले होते, पण ते आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन. म्हणाले, “अक्का, पोरांनी माझा फोटो घातला, आन मला सांगितलं बी न्हाय. असं कुठं असतंय व्हय? प्रकाशन करूया. माझा हॉल घ्या. दुपारी तीन ते सहा रिकामा हाय, एक लग्न उठतंय आन दुसऱ्याचं रिसेप्शन बसायचंय.”

ज्या ग्राउंडसाठी गाणं, त्याच ग्राउंडवरच्या हॉलमध्ये प्रकाशन. विशाल म्हणाला, मेलो तरी तिथं पाय ठेवणार नाही. सायली म्हणाली की असा मौका जगात कुठल्या बँडला मिळाला नसेल, तोंडावर म्हणू. दोघांची चांगलीच जुंपली, आणि खिडकीतून कुलकर्णी सर आशेनं बघत होते.

माझा हिशेब वेगळा होता. त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की अप्पांचं जे थोडंफार राहिलंय तेही आता टिकत नाही. दर रविवारी हे आधीपेक्षा जवळ खुर्ची ओढून बसत होते, ते मी बघत होते. आता हे ड्रमला खेटून बसायचे. हॉलमध्ये मोठे बॉक्स असणार होते. जन्मभर आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर हे बसले, तसं ह्यांना अजून एकदा बसवायचं, आणि काही ऐकू येतंय तोवर बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी आबांना हो म्हटलं आणि एकच अट घातली. साउंडवर कंपनीचा माणूस, म्हणजे अप्पा.

आबा लगेच तयार झाले. त्यांच्या पहिल्या निवडणुकीच्या सभांना ह्यांचेच कर्णे होते. विशालला मी बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, “आधी सांगायचं न्हाय व्हय अक्का? वाजवतो की.”

समारंभाच्या दिवशी विशाल सकाळपासून डिंक लावून केस ताठ उभे करत होता, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा जेवणावळीच्या शेवटच्या पंगतीचं आवरणं चालू होतं आणि वासानं भूक लागत होती. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या. मागच्या पडद्यावर संध्याकाळच्या रिसेप्शनची थर्मोकोलची अक्षरं आधीच लावून ठेवलेली, ‘आशिष’ आणि ‘पूजा’, मध्ये बदाम. ती काढायला मॅनेजर तयार नव्हता. ड्रम दोन खुर्च्यांच्या मध्ये बसवले. हे हॉलच्या मध्यावर मिक्सरच्या टेबलाशी बसले, धुतलेला शर्ट घालून. त्यांची बोटं त्या बटणांवरून फिरत होती. मी लांबून बघत होते.

सूत्रसंचालन माझ्याकडे, त्या वेळी आवाज सभेपुरता बेताचाच होता. आता आमच्या गावात समारंभ म्हटला की सत्कार आला, आणि सत्कार म्हटला की फेटा आला. तयार फेटा घालून चालत नाही, तो अपमान समजतात. फेटेवाला स्टेजवर येतो आणि पाहुण्याच्या डोक्यावर नवा कोरा फेटा सावकाश बांधतो, तोवर पाहुणा ताठ बसतो आणि लोक बघतात. कव्हरवर फोटो असलेल्या प्रत्येकाचा सत्कार करणं भागच होतं. एकाला वगळलं असतं तर गल्लीत राहणं कठीण झालं असतं. मग ज्यांचे सत्कार झाले त्यांनी आबांचा सत्कार केला. आबांनी माझा केला. मग बँडचा. विशालच्या सकाळपासून उभ्या केलेल्या तुऱ्यावर फेटेवाल्यानं घट्ट गुलाबी फेटा आवळला. त्या मुलाच्या डोळ्यात मी पाणी बघितलं.

मग आबांचं भाषण, विषय तरुण पिढी. ते चाललं असतानाच रिसेप्शनची माणसं यायला लागली. रेशमी साड्या, अत्तराचा वास, हातात पाकिटं. खुर्च्या दिसल्या तसे बसले. एक आजी थेट स्टेजवर चढल्या, सायलीच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं, गिटारकडे संशयानं बघितलं आणि म्हणाल्या, “सुखानं नांदा.” सायलीनं वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

सहाला थोडाच वेळ उरला होता. मॅनेजर मला घड्याळ दाखवत होता. दुसरं कुठलं संगीत असतं तर त्या वेळात तंबोरे लागले नसते. पण पंकचा हा एक मोठा गुण आहे, उरलेल्या वेळात पूर्ण कॅसेट बसली. विशाल एकामागून एक म्हणत सुटला. लग्नाची माणसं आधी दचकली. मग नवऱ्या मुलाचा एक मामा उठला, रुमाल काढला आणि नाचायला लागला, आणि वरातीत जसं होतं तसं सगळं वऱ्हाड त्याच्या मागं उठलं.

शेवटी ‘ग्राउंड दे’ सुरू झालं. ‘आबा, आमचं ग्राउंड दे’ पहिल्यांदा आलं तेव्हा आबा हसले. दुसऱ्यांदा आलं तेव्हा हसू गेलं. त्यांनी मागं वळून ह्यांच्याकडे बघून हात खाली केला, आवाज कमी करा म्हणून. ह्यांनी बघितलं. शांतपणे बटण वर सरकवलं. आबांनी दोन्ही हात खाली केले. ह्यांनी आणखी वर सरकवलं. हॉलच्या काचा थरथरायला लागल्या. आबांची दोन माणसं धावत जाऊन ह्यांच्या कानाशी ओरडली. ह्यांनी कानावर बोट ठेवून गोड हसून दाखवलं. अप्पांना ऐकू येत नाही हे सगळ्या गावाला माहीत. ऐकूच न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर हात कोण टाकणार? आणि शंभर माणसं नाचत नाचत म्हणायला लागली, आबा, आमचं ग्राउंड दे. त्यातल्या निम्म्यांना आबा कोण ते माहीत नव्हतं.

गाणं संपलं. आबा उठले, स्टेजवर गेले, विशालच्या हातातून माईक घेतला.

“पोरांची मागणी रास्त हाय,” आबा म्हणाले. “ह्या भागात ग्राउंड पायजेच. त्यासाठी मी सोता आंदोलन करीन. आपण कुणाला भीत न्हाय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. विशाल माईकच्या रिकाम्या स्टँडकडे बघत उभा राहिला. नंतर त्यानं मला विचारलं, “अक्का, आता ह्यो माणूस आपल्याच बाजूनं. गाणं कुणावर म्हणायचं?” ग्राउंड काही परत मिळालेलं नाही. आंदोलन मात्र आबांनी खरंच केलं, त्याच हॉलमध्ये, जेवणासह. ह्याची खंत मला आहे. पोरांचा राग खरा होता आणि आम्ही त्याला फेटा बांधला.

त्या गोंधळात माझ्यावर शेवटचं काम उरलं होतं, आभारप्रदर्शन. माईक हातात घेतला आणि रिक्षात बोलते तसंच बोलले, दुसरं काही येतच नाही मला. मांडववाल्यांचे, फेटेवाल्यांचे, सुनीलचे, आशिष आणि पूजाच्या दोन्ही घरांचे आभार मानले. आवाज कमी केलेलाच नव्हता. माझाच आवाज भिंतींवर आदळून मला येऊन लागत होता. सवयीनं शेवटी ‘मग परत येताय न्हवं?’ असंही म्हणून गेले. समोर सगळे हसले. हे मात्र मिक्सरवर हात ठेवून, डोळे मिटून बसले होते.

सातच्या सुमाराला आम्ही घरी आलो. मी चहा टाकला. ह्यांच्यासमोर कप ठेवून मी हात खालीवर करून विचारलं, आबा खुणा करत होते, दिसलं नाही?

“दिसलं की,” हे म्हणाले. “काय म्हणतोय ते बी कळलं.”

मग कमी का नाही केला, मी पुन्हा खुणेनंच विचारलं.

ह्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. “पोरं वाजवत्यात बरी. पण त्यांच्यासाठी न्हाय वाढवला. आभार तू मानणार हुतीस. एकदा कमी केला असता तर परत मला वाढवू दिला असता का कुणी? तुझा आवाज किती वर्सं झाली ऐकला न्हवता मी.”

इतके दिवस मला वाटत होतं की ह्यांच्यासाठी हा सगळा उपद्व्याप मी करतेय. बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं. म्हणून जुनी खूण केली. दोन्ही भुवया उंचावून, बोट वर करून विचारलं, जसं काचेपलीकडे बघून विचारायची. जमलं का? पास?

ह्यांनी बशी खाली ठेवली. मग मान आडवी हलवली.

“परत एकदा,” म्हणाले.

मी आत गेले. त्या मोठ्या बॉक्सवरचा मनीप्लांट उतरवला, टेबलक्लॉथ काढला, वायर जोडली, आवाज होता तेवढा पूर्ण वर केला. हे खुर्ची ओढून बॉक्सला खेटून बसले आणि डोळे मिटले. मी माईक हातात घेऊन मांडववाल्यांपासून सुरुवात केली. फेटेवाल्यांपर्यंत आले तेव्हा दारात कुलकर्णी सर उभे होते, मागं गल्लीतली दोन वजनदार माणसं, आणि भांडण नक्की कुणाचं आहे ते विचारत होते.